‘इगर्ज’ शब्दाचा अर्थविचार

गोमंतकात ज्या वास्तूला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही ‘इगर्ज’ म्हणतात, तिलाच बेळगावात ‘चर्च’ म्हणतात आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘गिरजाघर’. आपली मराठी-कोंकणी घरे या तिन्ही प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली असल्यामुळे तिन्ही शब्द आपल्या कानांना ओळखीचे आहेत. आपल्या लेखकवर्गात मात्र या तिन्ही शब्दांचा एकच अर्थ देऊन मोकळे होण्याची वहिवाट पडली आहे: ‘ख्रिस्ती लोकांचे देऊळ’. शालेय पुस्तके, प्रवासवर्णने, भाषांतरित कादंबऱ्यांच्या तळटीपा, कोठेही पाहा, हेच चार शब्द भेटतील. हा अर्थ अगदी चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा आहे. आणि तो कोठे अपुरा पडतो हे शोधू लागले असता केवळ ख्रिस्ती धर्माविषयीच नव्हे, तर आपल्या स्वतःच्या देवस्थानांविषयीही काही प्रश्न उभे राहतात. ते वाचकांपुढे ठेवावेत एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाच्या देहाकडे पाहू. ‘इगर्ज’ हा पोर्तुगीज ‘इग्रेज’ या शब्दाचा कोंकणी अवतार. मूळ शब्दाच्या अंती ऱ्हस्व ‘अ’कारासारखा एक हलका स्वर आहे, कोंकणीने तो टाकला, आणि ‘ग’ला चिकटलेला ‘र’ सोडवून ‘ज’च्या माथ्यावर नेऊन बसविला. वर्णांची अशी अदलाबदल आपल्या बोलींना नवीन नाही. पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘एक्लेसिया’वरून आला, आणि लॅटिन लोकांनी तो ग्रीकांच्या ‘एक्क्लेसिया’वरून जसाच्या तसा उचलला. फ्रेंच ‘एग्लीझ’, स्पॅनिश ‘इग्लेसिया’, इटालियन ‘किएझा’ ही सारी याच मुळाची अपत्ये. उत्तरेकडील हिंदीतला ‘गिरजा’ही पोर्तुगीजांच्याच तोंडून निघाला, तिकडे आरंभीचा ‘इ’ गळाला आणि शब्द ‘गिरिजे’च्या इतका जवळ येऊन उभा राहिला, की पार्वतीशी त्याचा काही संबंध असावा असा समज करून घेणारे भाविक आजही भेटतात. संबंध काडीचाही नाही. ‘गिरजा’ म्हणजे काय हे लोक विसरले, म्हणून त्याला ‘घर’ जोडावे लागले, एवढेच त्या जोडशब्दावरून सिद्ध होते. मांडवीकाठचा ‘इगर्ज’ आणि चंबळेपलीकडचा ‘गिरजा’ हे सख्खे भाऊ, किंबहुना सख्ख्या बहिणी म्हणणे अधिक बरोबर. कारण एक लक्षणीय गोष्ट अशी की ग्रीकपासून कोंकणीपर्यंत या शब्दाचे रूप पुष्कळ बदलले, पण लिंग बदलले नाही. अथेन्समध्ये तो स्त्रीलिंगी होता, रोममध्ये स्त्रीलिंगी राहिला, आणि मडगावच्या बाजारातही ‘ती इगर्ज’च आहे. गोमंतकातील ख्रिस्ती बांधव संस्थेविषयी बोलताना ‘इगर्जमाता’ म्हणतात. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने धर्मसंस्थेला आईची उपमा दिली होती, ती उपमा कोंकणीत अशी निर्वेधपणे नांदू शकली याचे थोडे श्रेय व्याकरणालाही दिले पाहिजे.

आता अर्थाकडे वळू. ग्रीक ‘एक्क्लेसिया’ या शब्दाचा ख्रिस्ताशी, देवाशी, प्रार्थनेशी मुळात काहीही संबंध नव्हता. तो नगराच्या राज्यकारभारातला शब्द होता. अथेन्सच्या प्रौढ नागरिकांची जी सर्वाधिकारी सभा भरे, तिचे नाव एक्क्लेसिया. नगराच्या पश्चिमेस प्निक्स नावाची टेकडी आहे, तिच्या उतारावर उघड्या आकाशाखाली ही सभा बसे. ईसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात तिच्या वर्षाला चाळीस बैठका होत. युद्ध पुकारावे की तह करावा, सेनापती कोणाला नेमावे, धान्य कोठून आणावे, हे तेथे हात वर करून ठरे. काही विशेष बाबींना ६,००० नागरिकांची उपस्थिती लागे. लोक गप्पा मारीत बाजारात रेंगाळत, तेव्हा तांबड्या रंगात भिजविलेला दोर ताणून त्यांना सभेकडे हाकले जाई, आणि ज्याच्या वस्त्राला रंग लागे त्याची फजिती होई. पुढे पुढे तर उपस्थितीबद्दल भत्ता द्यावा लागला! आपल्या देवस्थानांच्या वार्षिक सभांना गणपूर्तीसाठी तिष्ठत बसणाऱ्या चिटणीसांना हा वृत्तान्त वाचून काहीसा दिलासा मिळावा.

या सभेत स्त्रिया नव्हत्या, दास नव्हते, परक्या नगरातून येऊन स्थायिक झालेले लोक नव्हते. ही गोष्ट येथे नुसती नोंदवून ठेवू; पुढे तिचे काम पडणार आहे.

‘एक्’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात व ती खरी आहे. परंतु या व्युत्पत्तीवर ख्रिस्ती प्रवचनकारांनी, आणि त्यांच्या मागोमाग आपल्याकडील तौलनिक धर्माच्या काही हौशी अभ्यासकांनी, एक मोठा इमला रचला आहे. ते म्हणतात की इगर्ज म्हणजे ‘जगातून बाहेर बोलावलेल्यांचा’ समुदाय. ज्यांना देवाने पापी जगातून निवडून वेगळे काढले ते. कल्पना सुंदर आहे, पण ती शब्दात नाही. अथेन्सचा चांभार सभेला निघे तेव्हा आपण जगाबाहेर चाललो आहोत असे त्याच्या मनातही येत नसे. सभेला जाणे म्हणजे जगाच्या ऐन मध्यावर जाणे होते. स्कॉटिश पंडित जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलातील शब्दार्थांवर एक ग्रंथ लिहून या जातीच्या व्युत्पत्तिवादावर कठोर टीका केली, आणि ती टीका बहुतांशी मान्य झाली आहे.

आपल्या वाचकांना मात्र हे समजण्यासाठी परदेशी पंडिताची गरज पडू नये. यौगिक शब्द कोणता आणि रूढ शब्द कोणता याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी केलेला आहे. त्यांचे एक आवडते उदाहरण तर थेट देवळातलेच आहे. ‘मंडप’ या शब्दाचे अवयव सोडवले तर ‘मंड’ म्हणजे पेज पिणारा असा अर्थ निघतो. सभामंडपात बसून कीर्तन ऐकणाऱ्या कोणालाही आपण पेज पिणाऱ्यात बसलो आहोत असे वाटत नाही. अवयवार्थ आणि रूढार्थ यांत झगडा झाला तर रूढीची सरशी होते, हा आपला जुना दंडक. तोच ‘एक्क्लेसिया’ला लावला म्हणजे प्रवचनकारांचा इमला खाली येतो आणि साधा अर्थ उरतो: सभा, जमलेले लोक.

नागरी सभेचा हा शब्द धर्माच्या प्रांतात कसा शिरला? ईसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथील यहुदी पंडित आपले हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणू लागले. हिब्रूत परमेश्वरापुढे एकत्र उभ्या राहिलेल्या इस्राएल लोकांच्या समुदायाला ‘काहाल’ म्हणत. मोशेच्या पाचव्या ग्रंथात हा शब्द वारंवार येतो. भाषांतरकारांनी त्याच्यासाठी अनेक ठिकाणी ‘एक्क्लेसिया’ योजला, तर काही ठिकाणी ‘सिनागोगे’, म्हणजे गोळा होणे, हा शब्द घेतला. पुढे दोन धर्मांची वाटणी झाली तशी शब्दांचीही झाली. सिनागोगे यहुद्यांकडे राहिला, एक्क्लेसिया ख्रिस्त्यांकडे गेला. आणि नवल हे की दोन्ही शब्दांच्या ललाटी एकच लेख होता: आरंभी दोन्ही माणसांची नावे होती, शेवटी दोन्ही इमारतींची नावे झाली.

ख्रिस्ताच्या चार चरित्रांपैकी एकट्या मत्तयाच्या ग्रंथात हा शब्द आढळतो, आणि तोही दोनच स्थळी. त्यांतले पहिले स्थळ जगप्रसिद्ध आहे. शिष्य पेत्राच्या नावात ग्रीकमधील खडकाचा शब्द आहे. त्या खडकावर आपण आपली एक्क्लेसिया बांधू असे ख्रिस्त तेथे सांगतो. ‘बांधणे’ हे क्रियापद येथे आले आहे म्हणून हा शब्द मुळापासूनच वास्तुवाचक होता असे म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. हा युक्तिवाद म्हणजे ‘संसार मांडला’ या वाक्यावरून संसार ही चौरंगावर ठेवण्याची वस्तू ठरविण्यासारखा आहे. नव्या करारात हा शब्द शंभरांहून अधिक वेळा येतो, आणि एकदाही त्याचा अर्थ इमारत असा होत नाही. होणार कसा? इमारती नव्हत्याच. पौलाची पत्रे इसवी सन ५० च्या सुमारास सुरू होतात. त्यांत अमक्याच्या घरी भरणारी एक्क्लेसिया, असा उल्लेख पुनःपुन्हा येतो. प्रिस्का आणि अक्विला या दांपत्याचे घर, नुम्फाचे घर, फिलेमोनाचे घर. यांतील प्रिस्का व नुम्फा या स्त्रिया आहेत, आणि पौलाने आपल्या पत्रांत ज्यांना नमस्कार सांगितले त्यांत दासांची म्हणून ओळखली जाणारी नावेही आहेत. अथेन्सच्या सभेला ज्यांना दार बंद होते ते या सभेत बसले होते. जुना शब्द घेऊन त्याच्या चौकटीत नवे लोक बसविणे, हे आमच्या मते त्या पहिल्या ख्रिस्ती पिढीचे खरे धाडस होय. बाहेर बोलावण्याच्या व्युत्पत्तीहून हे कितीतरी मोठे आहे.

इमारत पुढे आली. युफ्रेटिस नदीच्या काठी, सीरियातील दुरा-युरोपोस या सीमेवरच्या गावात, तिसऱ्या शतकातील एक साधे राहते घर उत्खननात सापडले. मधल्या भिंती पाडून त्याचे ओसरीवजा मोठे दालन केलेले आहे आणि एका खोलीत दीक्षास्नानाचे कुंड आहे. २५६ च्या सुमारास त्या गावाचा विध्वंस झाला. तटाला बळकटी देण्यासाठी टाकलेल्या मातीच्या भरावाखाली घर गाडले गेले, म्हणूनच ते टिकले. तेथून अर्धशतकाने, ३१३ साली, सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती उपासनेला मोकळीक दिली आणि राजाश्रयाने मोठी प्रार्थनागृहे उभी राहू लागली. नमुना कोणता घ्यावयाचा? रोमन मंदिराचा घेणे शक्य नव्हते, कारण तेथे लोक बाहेर उभे राहत आणि गर्भागारात देव राही. ख्रिस्त्यांना सभा भरवावयाची होती. म्हणून त्यांनी ‘बासिलिका’ हा प्रकार निवडला, म्हणजे न्यायदानाचे व व्यापाराचे सार्वजनिक दालन. बासिलिका या शब्दाचा मूळ अर्थ ‘राजाची’ असा आहे, राजदालन. येथे मराठी वाचकाच्या मनात एक शब्द आपोआप उभा राहील. विठोबाच्या देवळाला आपण ‘राऊळ’ म्हणतो, आणि राऊळ म्हणजे राजकुल, राजाचे घर. भीमेकाठी आणि टायबरकाठी भाविकांनी एकमेकांना न विचारता राजवाड्याचाच शब्द देवाला दिला. रोमानियाच्या भाषेत तर आज प्रार्थनागृहाला बासिलिकेवरूनच आलेला शब्द आहे.

‘चर्च’ या इंग्रजी शब्दाची कुळी आणखी वेगळी. तो ‘एक्क्लेसिया’चा कोणीही लागत नाही. ग्रीकमध्ये ‘किरिओस’ म्हणजे स्वामी, प्रभू. ‘किरिआकोन’ म्हणजे प्रभूचे. प्रभूच्या घरासाठी हा शब्द इसवी सन ३०० च्या सुमारास चालू झालेला दिसतो आणि तेथून तो उत्तरेकडच्या भाषांत गेला. जर्मन ‘किर्खे’, स्कॉटिश ‘कर्क’, रशियन ‘त्सेर्कोव्ह’ हे त्याचे वंशज. म्हणजे ‘चर्च’ला ‘ख्रिस्ती देऊळ’ म्हणणारा मराठी लेखक व्युत्पत्तीच्या बाजूने अगदीच उघडा पडत नाही: देऊळ म्हणजे देवकुल, देवाचे घर, चर्च म्हणजे प्रभूचे घर. ‘इगर्ज’ला मात्र हे लागू नाही. इगर्ज म्हणजे घर नव्हे, घरात जमलेली माणसे. ज्यांना आपण पर्यायशब्द समजतो ते मुळात दोन निराळ्या कल्पना आहेत, आणि या दोन कल्पनांमधले अंतर युरोपात एके काळी लहान मानले गेले नाही.

विल्यम टिंडल याने १५२६ साली नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापून प्रसिद्ध केले, तेव्हा ‘एक्क्लेसिया’साठी त्याने रूढ ‘चर्च’ शब्द टाळून ‘जमाव, मंडळी’ या अर्थाचा साधा शब्द घातला. ग्रीकच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. पण सर टॉमस मोर यांच्यासारखा विद्वान त्यावर तुटून पडला. कारण उघड आहे. शब्द ‘चर्च’ असला तर पोप, बिशप, पुरोहित, न्यायालये, जमीनजुमला हे सारे त्यात सामावते. शब्द ‘मंडळी’ असला तर चार विणकर एका माडीवर जमले तरी ते पुरेसे होतात. टिंडलला १५३६ साली देहान्त शिक्षा झाली. त्याच्यावरचे आरोप धर्मद्रोहाचे होते, एका शब्दाचे नव्हते. तथापि या शब्दाचे वैर शमले नाही. पुढे राजा जेम्सने नव्या भाषांतराची आज्ञा दिली तेव्हा भाषांतरकारांना घालून दिलेल्या नियमांत एक नियम खास असा होता, की जुने धर्मसंस्थेचे शब्द कायम ठेवावेत आणि ‘चर्च’च्या जागी मंडळीचा शब्द घालू नये. १६११ चे ते सुप्रसिद्ध भाषांतर हा नियम पाळते, आणि इतके पाळते की इफिससच्या प्रकरणात मूळ ग्रीकमध्ये ‘देवळे लुटणारे’ असा जो शब्द आहे, त्या ठिकाणीही ते ‘चर्चे लुटणारे’ लिहून बसते. अर्तेमिस देवीच्या त्या नगरात तेव्हा लुटण्याजोगे एकही चर्च नव्हते!

आपल्या भाषेत याच पेचातून मार्ग काढताना मिशनऱ्यांनी व त्यांच्या शास्त्रीबुवांनी ‘मंडळी’ हा शब्द निवडला. सेरामपूरला मत्तयाचा मराठी ग्रंथ १८०५ साली छापला गेला तेव्हापासून मराठी बायबलाचे काम चालत आले, आणि प्रॉटेस्टंट मराठीत ‘ख्रिस्ताची मंडळी’ हा प्रयोग आज पक्का रुजलेला आहे. आम्हांला ही निवड मनापासून चांगली वाटते. ‘मंडळी’ हा घरगुती शब्द आहे. कीर्तनाला मंडळी जमते, पंक्तीला मंडळी बसते, नाटक मंडळी गावोगाव फिरते. इमारतीचा त्याला वाससुद्धा नाही. टिंडलला जे इंग्रजीत साधू दिले नाही ते मराठीत विनातक्रार साधले. पण शब्द नुसता घेऊन भागत नाही, तो वाक्यात चालवावा लागतो, आणि येथे मराठी बायबल ठेचकाळते. बोलण्यात ‘मंडळी’ हे आपोआपच समूहवाचक असते, त्याचे अनेकवचन कोणी करीत नाही. बायबलाला ग्रीकमधील अनेकवचन दाखविणे भाग होते, म्हणून तेथे ‘मंडळ्या’ आल्या: आशियातल्या सात मंडळ्या. हे रूप ऐकताच मराठी कान दचकतो. ज्या क्षणी मंडळीच्या मंडळ्या झाल्या त्या क्षणी ती जमलेली माणसे राहिली नाहीत, मोजता येण्याजोग्या संस्था झाल्या. कॅथलिक मराठीत ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. त्यात भारदस्तपणा अधिक आहे आणि ग्रीक अर्थाशी इमानही अधिक, परंतु पंक्तीचा ओलावा नाही. दोहोंत एक निवडावयाचे झाल्यास आम्ही ‘मंडळी’ला कौल देऊ, ‘मंडळ्यां’सकट.

मंडळीत जाणे हे एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाला काय पडत असे, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी बाबा पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ पाहावे. पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१ चा. एका मंडळीत शिरण्यासाठी दुसरी मंडळी, म्हणजे ज्ञाती, सोडावी लागे. इंग्रज माणसाला चर्चमध्ये जाताना असे काही सोडावे लागत नसल्यामुळे त्याला या शब्दाचे वजन कधी कळले नाही. नारायण वामन टिळकांना ते कळले होते. १८९५ साली दीक्षा घेतलेल्या या कवीने आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही उघडे ठेवले. चर्च नाही, मंडळी नाही, दरबार! राजदालनाची तीच जुनी कल्पना मराठीत पुन्हा एकदा वर आली. दोन वर्षांनी टिळक निवर्तले आणि दरबाराला त्यांच्यामागे तसे बळ राहिले नाही.

आता गोमंतक. येथे सोळाव्या शतकात हा शब्द आला तो सभेचा अर्थ घेऊन आला नाही. पोर्तुगीजांच्या तोंडी ‘इग्रेज’चा अर्थ तोवर पक्का झाला होता: एक पांढरी इमारत आणि तिच्यामागे उभी असलेली सत्ता. तिसवाडीतील देवळांच्या नमशी जमिनींचे उत्पन्न १५४१ साली ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. हा इतिहास आपल्या वाचकांना सांगावयास नको, तो त्यांच्या कुलदैवतांच्या पत्त्यांत लिहिलेला आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. नदीपलीकडचा फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता.

खेदाची गोष्ट ही की ‘एक्क्लेसिया’चा मूळ अर्थ समजावून घेण्यास गोमंतकासारखी दुसरी भूमी सापडली नसती. गावकऱ्यांच्या सभा येथे शतकानुशतके भरत होत्या. पोर्तुगीजांनी स्वतःच १५२६ च्या सनदेत त्यांचे रिवाज नोंदवून मान्य केले होते. शेतांची वाटणी, बांधांची डागडुजी, देवाचा उत्सव, सर्व काही ती सभा पाही. प्निक्सच्या टेकडीवरच्या माणसाला साष्टीतील वडाखालची बैठक परकी वाटली नसती. परंतु सभेचा शब्द सभेला न देता तो भिंतींसाठी आणला गेला. रायतूरच्या फादर स्टीफन्सला स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेताना संकोच वाटला नाही, १६१६ च्या त्याच्या ख्रिस्तपुराणात तो मोकळेपणाने आला आहे. कोंकणी लोकव्यवहारात मात्र इगर्ज ती इगर्जच राहिली. केरळात ‘पळ्ळी’ हा जुना देशी शब्द तेथील ख्रिस्त्यांनी आपल्या प्रार्थनागृहासाठी वापरला. गोव्यात तसे झाले नाही. शब्द परका राहिला त्याअर्थी तो कशाचा वारस आहे हे विचारण्याची वेळही कोणावर आली नाही.

पण हे येथेच थांबविले तर तो अर्धा हिशोब होईल, आणि तोही दुसऱ्याच्या वहीतला. आपली वही उघडू. देऊळ पडले, मूर्ती रातोरात नदीपार गेली, जमीन गेली, तरी देवस्थान संपले नाही. ते का संपले नाही? कारण ते भिंतींत नव्हतेच, ते महाजनांत होते. इंदूर, वडोदे, हैदराबाद येथे पाच-सहा पिढ्या राहिलेले कुटुंब आजही स्वतःला अमुक देवाचे महाजन म्हणविते. त्याने ते देऊळ पाहिलेले असो वा नसो. ‘संस्थान’ हा शब्द आपण जमीनजुमल्याच्या अर्थाने वापरतो, पण त्याचा प्राण या नातलगगोतावळ्यात आहे. शब्दांचीही गंमत अशी की महाजनांच्या या सभेला पोर्तुगीज अंमलात ‘माझानिया’ हे नाव पडले, आणि तिच्या कारभाराचे नियम १९३३ साली त्याच नावाने छापले गेले. एक शब्द त्यांचा आपण घेतला आणि मोडला, एक आपला त्यांनी घेतला आणि मोडला. त्यांच्याकडून आलेला इमारतीचा झाला. आपल्याकडून गेलेला सभेचाच राहिला.

या योगायोगाने गुदगुल्या होऊन घेण्यापूर्वी अथेन्सच्या सभेविषयी वर जे नोंदवून ठेवले आहे ते आठवावे. आपली माझानियाही दाराशी कोण उभे आहे ते पाहूनच आत घेते. महाजनांची नोंद पुरुषवंशाने चालत आली. लेकीसुना, देवळाच्या सेवेत पिढ्या घालविलेले इतर लोक, उत्सवाला पायी येणारा गाव, यांना नैवेद्याच्या पानावर जागा असते, सभेच्या पानावर नसते. ख्रिस्ती बाजूने तरी काय झाले? पौलाच्या घरगुती सभेत स्वामी व दास एकत्र बसले; गोव्याच्या इगर्जीत बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली गेली नाही, आणि अनेक गावांत धर्मबंधूंची ‘कोंफ्रारिया’ जातवार वाटलेली राहिली. म्हणजे शब्द अर्ध्या जगाला वळसा घालून आला आणि आल्यावर अथेन्सच्याच दारात उभा राहिला. हा दोष कोणा एका धर्माचा म्हणून दाखविणे सोपे आहे. आम्हांस ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

रोमच्या धर्मसंस्थेने १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या एका महत्त्वाच्या ठरावात, आपले वर्णन ‘देवाचे लोक’ या शब्दांत केले आणि त्याचे प्रकरण अधिकारी-श्रेणीच्या प्रकरणाच्या आधी ठेवले. चौदाशे-पंधराशे वर्षे भिंतींत राहिलेला अर्थ अशा रीतीने पुन्हा माणसांकडे नेण्याचा प्रयत्न झाला. कोंकणी बोलण्यात अजून त्याचा ठसा उमटलेला दिसत नाही. ‘हांव इगर्जेक वतां’ यात जाणे आहे ते इमारतीकडेच.

भाषांतरकारांपुढचा एक प्रसंग मात्र आम्हांला नेहमी मोह घालतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिससचा गोंधळ वर्णिला आहे. अर्तेमिस देवीची चांदीची छोटी देवळे घडवून विकणारा देमेत्रियस नावाचा सोनार आपल्या धंद्यातील लोकांना गोळा करतो: हा पौल सर्वत्र सांगत सुटला आहे की हातांनी घडविलेले देव देव नव्हेत, उद्या आपल्या पोटावर पाय येईल आणि देवीचीही अप्रतिष्ठा होईल. कोणत्याही क्षेत्रातील प्रसाद-प्रतिमांच्या दुकानदाराला हे भाषण परके वाटणार नाही, आणि ग्रंथकारानेही ते विकृत करून सांगितलेले नाही. सारे नगर नाट्यगृहात लोटते आणि दोन तास देवीचा जयजयकार चालतो. या गर्दीला ग्रंथकार जो शब्द लावतो तो ‘एक्क्लेसिया’च आहे, दोन वेळा. पौलाच्या मंडळीसाठी जो शब्द, तोच पौलाविरुद्ध उठलेल्या देवीभक्तांसाठी. मराठी भाषांतरकाराला येथे ‘मंडळी’ सोडून ‘सभा’ किंवा ‘जमाव’ लिहावे लागते, कोंकणीतल्याला ‘इगर्ज’ तर तोंडातूनही काढता येत नाही. म्हणून मूळ ग्रीक न वाचणाऱ्याला ही गोष्ट कधी कळतच नाही. ग्रंथकार पुढे सांगतो की जमलेल्यांपैकी बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हते. शेवटी नगराचा चिटणीस उभा राहतो, आणखी काही मागणे असेल तर ते कायदेशीर सभेपुढे आणावे असे सांगतो, आणि त्या एक्क्लेसियेला घरी पाठवून देतो.